विशेषाधिकाराची जाणीव देणारे शिक्षक-प्रशिक्षण: कशासाठी घ्यावे आणि काय वगळावे

सामाजिक विशेषाधिकार आणि शिक्षणातील समावेशन या विषयावरची शिक्षक-प्रशिक्षणे आता अनेक संस्था घेतात आणि त्यांची रूपरेषा बहुतेक ठिकाणी सारखीच असते: आधी ऑनलाइन व्हिडिओ, मग प्रत्यक्ष कार्यशाळा आणि शेवटी शिक्षकांनी आपापल्या वर्गात करून पाहायचे काम. मी ज्या अभ्यासक्रमाबद्दल लिहीत आहे तोही याच साच्यातला आहे. संस्थेचे नाव देत नाही, कारण पुढे मांडलेल्या बहुतेक उणिवा तिच्या एकटीच्या नाहीत आणि प्रशिक्षण निवडणाऱ्या मुख्याध्यापकांना नावापेक्षा आतल्या मजकुराची पारख अधिक उपयोगी पडेल. माझे मत आधीच नोंदवते. या अभ्यासक्रमातील ज्या भागाची सर्वाधिक चर्चा होते तो सर्वांत कच्चा आहे. आणि माहितीपत्रकात ज्याची एका ओळीत बोळवण केली आहे, तो वर्गातील सवयी आणि शाळेचे नियम तपासण्याचा भाग मात्र इतका सकस आहे की केवळ त्यासाठी हे प्रशिक्षण घ्यावे.

पहिली सत्रे संकल्पनेची आहेत. विशेषाधिकार म्हणजे श्रीमंती, हा सर्वसाधारण समज पहिल्याच व्हिडिओत दूर केला जातो. विशिष्ट गटात जन्मल्यामुळे न मागता मिळणारी आणि मिळत असल्याचे सहसा जाणवतही नाही अशी सोय, असा अर्थ येथे घेतला आहे. घरची भाषा हीच शाळेची भाषा असणे, आपले नाव शिक्षकांना अडखळल्याविना उच्चारता येणे, पाठ्यपुस्तकातील चित्रांत आपल्यासारखी माणसे दिसणे, प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर आहे याचा कधी विचारच करावा न लागणे, ही त्याची शाळेतील रूपे. अमेरिकेतील वेलस्ली कॉलेजच्या पेगी मॅकिंटॉश यांनी १९८८ मध्ये गोरेपणामुळे स्वतःला रोजच्या जगण्यात मिळणाऱ्या अशा ४६ सोयींची यादी केली होती, आणि या विषयावरच्या बहुतेक प्रशिक्षणांचा उगम त्या यादीपाशी जातो. व्हिडिओत एक गोष्ट नीट सांगितली आहे: ती यादी एका व्यक्तीच्या अनुभवाची आहे, ती कोठेही जशीच्या तशी लावता येत नाही. वंश, जात, वर्ग, लिंग, धर्म, भाषा, अपंगत्व यांपैकी कशामुळे कोणाची वाट मोकळी होते आणि कोणाची अडते, हे ज्या त्या समाजात नव्याने पाहावे लागते.

या टप्प्यावर शिक्षकांकडून हमखास येणारा आक्षेप म्हणजे ‘आम्हीही कष्ट करूनच येथवर आलो’. प्रशिक्षक त्याला ज्या रीतीने सामोरे जातात ते मला आवडले. कष्ट नाकारले जात नाहीत. एखाद्या बाबतीत सोय मिळालेली व्यक्ती दुसऱ्या बाबतीत भरडली गेलेली असू शकते, हे मान्य करून पुढे जाता येते. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेन्शॉ यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले होते की कृष्णवर्णीय स्त्रियांवरचा अन्याय न्यायालयांना वंशाच्या चौकटीतही पूर्ण दिसत नव्हता आणि लिंगाच्या चौकटीतही नाही, कारण तो दोन्हींच्या संगमावर घडत होता. हे शाळेच्या भाषेत आणताना अभ्यासक्रम एक चांगला प्रश्न विचारतो: मुलींसाठीची योजना आणि अपंग विद्यार्थ्यांसाठीची योजना या दोन्ही कागदावर उत्तम असताना अपंग मुलगी दोन्हींतून निसटते का? या प्रश्नावर गटांत झालेली चर्चा पहिल्या दिवसातील सर्वांत कसदार चर्चा होती.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पियरे बोर्द्यू यांची सांस्कृतिक भांडवलाची कल्पना समजावणारे सत्रही चांगले आहे. घरात पुस्तके असणे, बोलण्याची विशिष्ट ढब अंगवळणी पडलेली असणे आणि हाती प्रमाणपत्र असणे ही त्या भांडवलाची तीन रूपे असून, शाळा जे शिकवत नाही पण परीक्षेत मात्र अपेक्षिते ते मुलाने घरून आणलेले असते, असा हा विचार आहे. त्याला जोडून समाजशास्त्रज्ञ अ‍ॅनेट लारो यांच्या संशोधनाचा आधार घेतला आहे. त्यांनी अमेरिकेतील ८८ कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या, त्यांतील १२ कुटुंबांचे दैनंदिन जीवन जवळून पाहिले आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मध्यमवर्गीय मुलांना मोठ्यांशी बरोबरीने बोलायला, डॉक्टरांना किंवा शिक्षकांना शंका विचारायला, स्वतःसाठी सवलत मागायला घरीच शिकवले जाते. कामगार कुटुंबांतील मुले अधिकारी व्यक्तीसमोर गप्प राहणे हा आदर मानतात. गृहपाठाला मुदतवाढ मागणारा विद्यार्थी आणि न मागता शून्य गुण स्वीकारणारा विद्यार्थी यांच्यातील फरक अभ्यासूपणाचा नसून मागण्याच्या सवयीचा असू शकतो, हे कळल्यावर वहीवरील गुणांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. शिक्षकाने मुदतवाढीचा नियम फळ्यावर लिहून सर्वांसाठी खुला करावा, ही त्यावरची शिफारस साधी आणि तत्काळ अमलात आणण्याजोगी आहे.

आता कार्यशाळेतील बहुचर्चित उपक्रमाकडे वळते. सर्व सहभागी एका रेषेत उभे राहतात आणि प्रशिक्षक विधाने वाचत जातात: लहानपणी घरात अभ्यासासाठी स्वतंत्र जागा असेल तर एक पाऊल पुढे या, फी न भरल्यामुळे कधी वर्गाबाहेर उभे राहावे लागले असेल तर एक पाऊल मागे जा, आईवडिलांपैकी कोणी महाविद्यालयात शिकले असेल तर एक पाऊल पुढे या. शेवटी काही जण खोलीच्या एका टोकाला पोहोचतात आणि काही जण मागच्या भिंतीशी उरतात. हे दृश्य परिणामकारक असते, यात वाद नाही, आणि पुढे पोहोचलेल्यांपैकी अनेक जण त्यानंतर गंभीर झालेले दिसतात. परंतु हा धडा कोणाच्या खर्चाने शिकवला जातो, याचा हिशेब अभ्यासक्रमाने केलेला नाही. मागे उभ्या असलेल्या शिक्षिकेला आपण मागे आहोत हे आधीपासूनच ठाऊक असते. तिला नवे काही कळत नाही. तिने आपले दारिद्र्य, आपली जात, आपल्या घरातील अडचण सहकाऱ्यांसमोर पावलांनी जाहीर करायची, म्हणजे पुढच्यांना जाणीव होणार. उद्या त्याच सहकाऱ्यांसोबत तिला शिक्षक-खोलीत बसायचे असते. ‘नको असल्यास भाग घेऊ नका’ ही मुभा दिली जाते, पण जी व्यक्ती बाजूला उभी राहते तिच्याविषयी तेवढ्यावरून तर्क सुरू होतातच, त्यामुळे ती मुभा नावापुरतीच ठरते.

याहून गंभीर बाब अशी की हाच उपक्रम शिक्षकांनी विद्यार्थ्यांसोबत करावा, असे हस्तपुस्तिकेत सुचवले आहे. मोठी माणसे स्वतःला सावरू शकतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला वर्गमित्रांसमोर मागे मागे सरकत जाण्याची आठवण शाळा संपेपर्यंत पुरते, आणि मधल्या सुट्टीत तिचे चिडवण्यात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. माझ्या मते ही शिफारस संस्थेने मागे घ्यावी. हस्तपुस्तिकेच्या परिशिष्टात एक पर्याय दिलेला आहे तो पुष्कळ बरा आहे: प्रत्येकाला एका काल्पनिक विद्यार्थ्याचे वर्णन असलेले कार्ड मिळते आणि पावले त्या काल्पनिक पात्राच्या वतीने टाकायची असतात. ‘धाकट्या भावाला सांभाळून सकाळच्या तासाला उशिरा पोहोचणारी मुलगी’ असे कार्ड हातात आले की तिच्या बाजूने विचार करणे सर्वांनाच भाग पडते आणि कोणाचे खासगी आयुष्य उघडे पडत नाही. इतका चांगला पर्याय परिशिष्टात ठेवून मुख्य सत्रात जोखमीचा प्रकार का घेतला, याचे समाधानकारक उत्तर मला मिळाले नाही.

दुसऱ्या दिवसाचा पूर्वार्ध वर्ग-निरीक्षणाचा आहे आणि येथून अभ्यासक्रमाचा दर्जा एकदम उंचावतो. साधन अगदी साधे आहे: वर्गातील बाकांचा आराखडा छापलेला एक कागद. एक शिक्षक शिकवत असताना दुसरा मागे बसून त्या आराखड्यावर खुणा करतो. कोणाला प्रश्न विचारला, कोणाला नावाने हाक मारली, चुकलेल्या उत्तरानंतर कोणाला दुसरी संधी मिळाली, कोणाला ‘बस खाली’ म्हटले गेले आणि उत्तरासाठी किती वेळ थांबले गेले. तास संपल्यावर तो कागद समोर ठेवला की वेगळे भाषण करावे लागत नाही. आम्ही पाहिलेल्या सराव-तासाच्या कागदावर जवळजवळ सगळ्या खुणा पहिल्या दोन रांगांत आणि मधल्या पट्ट्यात दाटल्या होत्या. खिडकीकडच्या शेवटच्या बाकांवर एकच खूण होती आणि ती शिस्तीसाठी हाक मारल्याची होती. शिकवणाऱ्या शिक्षकांना हे मुळीच जाणवले नव्हते आणि ते अतिशय तळमळीचे शिक्षक आहेत. वर्गातील भेदभावाला बहुतेक वेळा वाईट हेतूची गरज पडत नाही, हे त्या एका कागदाने जितके स्वच्छ दाखवले तितके पहिल्या दिवसाच्या कोणत्याही उपक्रमाने दाखवले नव्हते.

थांबण्याच्या वेळेचा मुद्दा विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांच्या संशोधनावर आधारलेला आहे. अमेरिकेतील प्राथमिक शाळांच्या विज्ञान-तासांचे ध्वनिमुद्रण ऐकून त्यांनी १९७०च्या दशकात मांडले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबतात, आणि हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी ते अधिक थांबतात, मागे पडलेल्यांसाठी कमी. ही प्रतीक्षा तीन सेकंदांपर्यंत वाढवली की उत्तरे लांबतात, मुले आपणहून बोलू लागतात आणि ‘माहीत नाही’ हे उत्तर कमी होते. दुसऱ्या भाषेत विचार करून शाळेच्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्या मुलासाठी हे दोन जादा सेकंद किती मोलाचे असतात, हे वेगळे सांगायला नको. प्रशिक्षकांनी आम्हाला जोडीजोडीने हे करून पाहायला लावले. तीन सेकंद शांत राहणे शिक्षकाला किती अवघड जाते हे केल्यावरच कळते. बहुतेक जण दुसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तराचा पहिला शब्द देऊन मोकळे होत होते. एखादी क्षमता सरावाने येते आणि तिचा फायदा कोणाला होतो हे मोजता येते, अशी कौशल्ये या विषयात फार थोडी आहेत. त्यांतील हे एक आहे आणि त्याला आणखी वेळ द्यायला हवा होता.

उत्तरार्धात शाळेच्या नियमांची तपासणी होते. येथे आरंभीच संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या समितीने २०१६ मध्ये स्पष्ट केलेले चार शब्द वेगळे करून दिले आहेत: वगळणे, वेगळे ठेवणे, सामावून घेणे आणि समावेशन. मुलाला शाळेतच न घेणे हा पहिला प्रकार. त्याच्यासाठी निराळी शाळा वा निराळी खोली हा दुसरा. त्याला नेहमीच्या वर्गात बसवायचे, पण वर्ग आहे तसाच ठेवून जुळवून घेण्याचे ओझे त्याच्यावर टाकायचे, हा तिसरा. आणि वर्गाची रचना, शिकवण्याची पद्धत व मूल्यमापन बदलून त्याच्यासाठी जागा करणे हा चौथा. बहुतेक शाळा तिसऱ्या पायरीवर उभ्या राहून स्वतःला चौथ्या पायरीवर समजतात, हे प्रशिक्षकांचे निरीक्षण मला पूर्णपणे पटले. १९९४ मध्ये स्पेनमधील सलामांका येथे ९२ सरकारांच्या आणि २५ आंतरराष्ट्रीय संघटनांच्या प्रतिनिधींनी सर्वसाधारण शाळांनीच सर्व मुलांसाठी स्वतःला बदलावे ही दिशा स्वीकारली होती, आणि २००६ च्या अपंग हक्क कराराच्या २४व्या अनुच्छेदाने समावेशक शिक्षणाला हक्काचे रूप दिले. एवढ्या वर्षांनंतरही प्रवेशअर्ज, वेळापत्रक आणि पालकसभेची वेळ या बाबी मात्र कोणी तपासून पाहत नाही.

तपासणीची रीत अशी की शाळेने आपले खरे कागद आणायचे: प्रवेशअर्ज, सहलीची सूचना, प्रकल्पाचे निकष, गणवेशाचा नियम, पालकसभेचे पत्र. प्रत्येक कागदासमोर एकच प्रश्न विचारायचा: हे पूर्ण करण्यासाठी घरी काय असावे लागते? विज्ञानाच्या प्रकल्पाचा कागद आमच्या गटाकडे आला होता. त्यात मांडणीला, सजावटीला आणि छापील अहवालाला निम्म्याहून अधिक गुण होते. म्हणजे रंग, पुठ्ठे, छपाई आणि मोकळा वेळ असलेले पालक यांना गुण होते आणि विज्ञानाला उरलेले. प्रकल्प वर्गातच, शाळेने दिलेल्या सामानातून करायचा, असा बदल गटाने तेथेच लिहून काढला. दुसऱ्या गटाने प्रवेशअर्जातील ‘वडिलांचा व्यवसाय’ ही पहिलीच ओळ काढून तेथे ‘मुलाची काळजी घेणारी व्यक्ती’ असे लिहिले, आणि पालकसभेच्या पत्रात कामाच्या वेळेबाहेरचा पर्याय घातला. रोजंदारीवर जाणारी आई सभेला आली नाही की ‘पालकांना रस नाही’ असा शेरा पडतो. सभेची वेळच तिला रोजगार बुडवल्याविना येता येणार नाही अशी ठेवली आहे, याचा शेरा कोणी कोठे मारत नाही. या सत्रातून शिक्षक अपराधी भावना घेऊन बाहेर पडत नाहीत, दुरुस्त केलेला कागद घेऊन बाहेर पडतात. मला या अभ्यासक्रमाचे सर्वांत मोठे बळ येथे दिसते.

पाठ-नियोजनाचा भाग उरकल्यासारखा झाला. एकच आशय अनेक रूपांत मांडणे, उत्तर देण्याच्या अनेक वाटा खुल्या ठेवणे आणि मुलांचा रस जागा ठेवण्याचे अनेक मार्ग योजणे ही सार्वत्रिक अध्ययन-रचनेची तीन तत्त्वे सांगितली, पण एकही पाठ त्यानुसार बदलून दाखवला नाही. गटकार्याविषयी मात्र सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांच्या पद्धतीचे प्रात्यक्षिक झाले. टेक्सासमधील ऑस्टिन येथे शाळांतील वांशिक विभाजन संपल्यावर वर्गांत तणाव वाढला, तेव्हा १९७१ मध्ये त्यांनी पाठाचे तुकडे करून गटातील प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. बाकीच्यांना तो भाग त्याच्याकडूनच शिकावा लागे, म्हणून त्याचे ऐकून घेणे सर्वांच्या गरजेचे झाले. पद्धत उत्तम आहे, पण अभ्यासक्रम तिच्या मर्यादेकडे पाहत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एलिझाबेथ कोहेन यांनी दाखवले आहे की गटात बसवल्याने मुले आपोआप समान होत नाहीत. ज्यांना वर्ग हुशार मानतो ती अधिक बोलतात, अधिक शिकतात, आणि आधीचीच उतरंड छोट्या गटात पुन्हा उभी राहते. कमी लेखल्या जाणाऱ्या मुलाने खरोखर केलेली नेमकी चांगली गोष्ट शिक्षकाने गटासमोर नाव घेऊन सांगावी, हा त्यांचा उपाय आहे, आणि तो या सत्रात असायलाच हवा होता.

संशोधन मांडताना आणखी एक सैलपणा खटकला. शिक्षकांच्या अपेक्षांचा परिणाम सांगताना मानसशास्त्रज्ञ रोझेन्थाल आणि मुख्याध्यापिका जेकबसन यांचा १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग अंतिम सत्यासारखा सांगितला जातो. चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली काही मुले ‘लवकरच चमकतील’ असे शिक्षकांना सांगितले गेले आणि त्यांची बुद्ध्यांक-चाचणीतील प्रगती अधिक दिसली, एवढे खरे. पण ती प्रामुख्याने पहिली-दुसरीच्या वर्गांत दिसली आणि प्रयोगाच्या पद्धतीवर त्या काळीच कठोर टीका झाली. पुढच्या संशोधनाचा आढावा सांगतो की अपेक्षांचा परिणाम बहुधा लहान असतो, मात्र समाजात कलंकित ठरवलेल्या गटांतील मुलांवर तो अधिक असू शकतो. समावेशनाच्या दृष्टीने हा दुसरा निष्कर्षच अधिक महत्त्वाचा आहे. अतिशयोक्त दावा एखाद्या जाणत्या शिक्षकाने खोडून काढला की सगळा विषयच हलका ठरतो, म्हणून येथे काटेकोर राहणे गरजेचे आहे.

हे प्रशिक्षण केवळ शिक्षकांना पाठवून भागणार नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये भिन्न गटांतील पूर्वग्रह कमी होण्यासाठी ज्या अटी सांगितल्या, त्यांत समान दर्जा, सामाईक उद्दिष्ट आणि परस्पर सहकार्य यांच्याबरोबर अधिकाराच्या जागेवरील व्यक्तींचा पाठिंबा ही अटही आहे. गुणदानाचे निकष, सभेची वेळ आणि प्रवेशअर्ज बदलण्याचा अधिकार वर्गशिक्षकाकडे नसतो. मुख्याध्यापक आणि कार्यालयातील कर्मचारी दुसऱ्या दिवशी उपस्थित राहणार असतील, तरच नोंदणी करावी, आणि पहिल्या दिवशी पावलांचा उपक्रम कार्डांसह घ्यावा अशी लेखी विनंती आधीच करावी. संस्था ती मान्य करते, असे मला विचारल्यावर सांगण्यात आले. प्रशिक्षण संपल्यावर पाठपुराव्याची एकच ऑनलाइन बैठक आहे. निरीक्षणाचे कागद पुन्हा भरून तुलना करण्यासाठी शाळेच्या सत्राअखेर आणखी एक बैठक मागून घ्यावी.

समावेशनाविषयीच्या या अभ्यासक्रमातील व्हिडिओंना सबटायटल्स नाहीत आणि हस्तपुस्तिकेची पीडीएफ म्हणजे पानांची छायाचित्रे असल्यामुळे स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) ती वाचू शकत नाही. आमच्या तुकडीतील कमी ऐकू येणाऱ्या एका शिक्षिकेला व्हिडिओतील मजकूर सहकाऱ्यांकडून लिहून घ्यावा लागला. मी हे अभिप्रायात लिहून दिले आहे आणि येथेही लिहिते, कारण नोंदणी करणाऱ्या प्रत्येक शाळेने हीच मागणी केली तर पुढच्या तुकडीपूर्वी हे काम पूर्ण करणे संस्थेला भाग पडेल.